गाडीच्या हिचवर बसणारं स्वयंपाकघर: बनवण्याआधी आराखडा तपासून हवाय

धुरकट_कंदील

मंडळी, लोखंड कापायच्या आधी विचारून घेतो.

गाडी २०१९ ची टोयोटा फोररनर, मागे कंपनीचाच २ इंची रिसीव्हर (हिचची, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याची, चौकोनी खोबण). माणसं चार. न्यू जर्सीहून निघून मुक्काम बहुतेक वेळा व्हर्जिनियातल्या शेनॅन्डोआ राष्ट्रीय उद्यानात, तीन रात्री. रोज पोळ्या आणि कुकर होणार, नुसत्या सॅंडविचवर भागणार नाही. आराखडा असा:

- पेटी ४८ इंच रुंद, २० खोल, २२ उंच. १८ मिमी बाल्टिक बर्च प्लाय.
- सांगाडा १॥ इंची चौकोनी नळीचा. रिसीव्हरमध्ये जाणारी मुख्य नळी २ × २ इंच, १/८ इंच जाडीची (घरात पडून आहे).
- ७ गॅलन पाणी आणि २० पौंडी प्रोपेनची टाकी पेटीतच.
- दोन बर्नरची शेगडी पेटीवर. मागचं दार उघडावं म्हणून सगळं बाजूला वळणारं, बिजागरीवर.

कागदावर हिचची टंग मर्यादा (हिचवर खाली पडणारा भार) ५०० पौंड आहे, म्हणजे भरपूर वाव दिसतो. माझे प्रश्न: १/८ ची नळी चालेल का? बिजागरीला काय वापरायचं? आणि अजून काय चुकतंय?

तिरका_पाना

आधी वजन मांडू. तुमच्या मापाच्या पेटीला दोन्ही बाजू, वर-खाली, पुढे-मागे आणि एक मधली फळी धरली तर साधारण ५३५० चौरस इंच प्लाय लागतो. १८ मिमीची ५ × ५ फुटी शीट ६३ पौंडांच्या आसपास भरते, त्या हिशेबाने नुसती लाकडी पेटी ९४ पौंड. ड्रॉवर २५, लोखंड ५०, ड्रॉवर सरकायचे चॅनल आणि कड्या १२, पाणी कॅनसकट ६१, भरलेली २० पौंडी टाकी ३७ (त्यात गॅस २० च, बाकी पोलाद), शेगडी १२, भांडी आणि किराणा ४५. बेरीज ३३६. बिजागरीचं वजन यात नाही.

आता त्या ५०० पौंडांबद्दल. ही मर्यादा ट्रेलरचा भार जिथे पडतो त्या गोळ्यापाशी धरलेली असते, आणि गोळा पिनच्या भोकापासून ८-१० इंचांवर असतो. तुमच्या पेटीचा मध्य २२ इंचांवर येतोय. ५०० पौंड १० इंचांवर म्हणजे ५००० इंच-पौंड, ३३६ पौंड २२ इंचांवर म्हणजे जवळपास ७४००. वजन मर्यादेत, पीळ मर्यादेबाहेर. हिच एक्स्टेंडर (हिच मागे लांबवणारी नळी) लावला की मर्यादा निम्मी धरायची असं बनवणारे सांगतात, ते याचसाठी. तोच नियम इथे लावा: सगळं मिळून २५० च्या आत, २०० च्या आत बसलं तर उत्तम.

घरात पडलेली १/८ ची नळी मुख्य नळीला नको. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा भार क्षणभर तिप्पट धरायचा. तुमचा भार तिप्पट केला तर १/८ च्या नळीत ताण सुमारे ४०,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) येतो. ए५०० ग्रेड बी या नेहमीच्या पोलादी नळीची वाकण्याची मर्यादा ४६,०००. म्हणजे जेमतेम, आणि तीही वेल्ड न केलेल्या नळीची. अशी नळी पहिल्या दिवशी तुटत नाही. वेल्डच्या कडेला वरच्या पृष्ठावर केसासारखी चीर पडते आणि हजारो धक्क्यांनंतर ती उघडते, बहुतेक हायवेवर.

मुख्य नळी ३/१६ ची घ्या. १/४ ची घेतली तरी फुटामागे पौंडभरच वाढतं. पेटी हलकी करून १६० पौंडांवर आणलीत तर त्याच तिप्पट धक्क्याला ३/१६ च्या नळीत ताण १३-१४ हजारांवर राहतो. एवढी मोकळीक हवीच.

जोडताना लक्षात ठेवायच्या गोष्टी:

मुख्य नळी आणि आडवी नळी यांचा टी-जोड चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड करा आणि दोन्ही अंगांना ३/१६ पत्र्याचे त्रिकोणी गसेट (आधाराचे तुकडे) द्या. मुख्य नळीच्या वरच्या पृष्ठाला भोक पाडू नका. भार खाली ओढतो तेव्हा वरचं पृष्ठ ताणलं जातं आणि भोक तिथे चिरेला आमंत्रण देतं. पिनचं ५/८ इंची भोक बाजूंच्या मध्यरेषेवर येतं, तिथे ताण नगण्य असतो, म्हणून ते चालतं. बाकीची भोकंही बाजूलाच पाडा. टी-जोडावर जाड पावडर कोटिंग नको, साधा रंग द्या. चीर पडली की रंगावर गंजाची बारीक रेघ उमटते आणि वेळेवर दिसते.

रिसीव्हरमधली फट हा वेगळा त्रास. नळी ७ इंच आत गेली असेल आणि फट १ मिमी असेल, तर ३० इंचांवरचं टोक ४ मिमीपेक्षा जास्त खाली बसतं आणि सारखं डुलतं. त्यावर नळी रिसीव्हरला आवळून धरणारा यू-बोल्टचा हिच टायटनर लावा, दोन्ही नट सारखे आवळा, पन्नासेक मैलांवर थांबून पुन्हा आवळा. वेल्ड करताना टोक १-२ अंश वर ठेवलंत तर भार बसल्यावर ते सरळ दिसतं.

मागच्या अ‍ॅक्सलचंही बघा. पेटीचा मध्य अ‍ॅक्सलच्या मागे साधारण ६० इंच आणि व्हीलबेस ११० इंच. म्हणजे ३३६ पौंड लटकवले की मागच्या चाकांवर ५२० च्या आसपास वाढतात आणि पुढून १८० उचलले जातात. १६० केले तर २५० आणि ९०. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा लिहिलेली असते. चार माणसं, सामान आणि ही पेटी असं सगळं भरून एकदा काट्यावर गाडी घाला. अंदाजाने चालू नका.

सुतारपक्षी

पानेबुवांनी वजनाचं सांगितलंच, मी पेटीचं सांगतो. २२ इंच उंची मुळातच चुकीची आहे, आणि वजन हे त्याचं दुसरं कारण.

रिसीव्हरचा मध्य जमिनीपासून १८ इंच धरा (तुमच्या गाडीवर मोजून घ्या). सांगाड्यावर पेटीचा तळ येतो साधारण २०॥ वर. त्यावर २२ ची पेटी म्हणजे ४२॥, वर शेगडी ४ इंच, वर कुकर. शिट्टी डोळ्यासमोर! आणि ४२ इंचांवर पोळी लाटता येत नाही, लाटण्यावर खांद्याचा जोर येतच नाही. घरचा ओटा ३६ इंच असतो, लाटायला त्याहून थोडं खालीच बरं. म्हणून पेटी १४ इंच उंच करा. वरची फळी ३४॥ वर येते, पोळपाट ठेवायला नेमकी.

शेगडी वर ठेवूच नका. उजव्या अंगाला २४ × १५ इंचांची काढता येणारी फळी लावा, पेटीच्या वरच्या कडेच्या ४ इंच खाली. दोन बर्नरची घडीची शेगडी बंद असताना साधारण २२ × १३ × ४ इंच असते. तिचे बर्नर मग बरोबर वरच्या फळीच्या पातळीला येतात. लाटलेली पोळी उचलून तव्यावर टाकायला हात वर न्यावा लागत नाही. शेगडीकडच्या पेटीच्या अंगाला पातळ पत्रा मारा, मागे अर्धा इंच हवा सोडून, आणि बर्नर पेटीपासून निदान ६ इंच लांब राहील असं बघा.

प्लाय १२ मिमी पुरतो. ४२ × १८ × १४ ची पेटी केलीत तर समोरची बाजू सोडून सगळी एका ५ × ५ शीटमध्ये बसते: ४२ × १८ चे दोन तुकडे, ४२ × १४ चा एक, हे एकाखाली एक, आणि उरलेल्या १८ इंची पट्टीतून १८ × १४ चे तीन. करवतीची जाडी धरूनही पुरतं. वजन ३३ पौंडांच्या आसपास. ड्रॉवर आणि पुढचं दार ९ मिमीचं करा, आणखी वीसेक.

मधली फळी बरोबर मध्ये लावायचा मोह होतो, लावू नका. आत ४०॥ इंच मिळतात. सारखे भाग केलेत तर प्रत्येकी २० आणि वर थोडं, त्यातून चॅनलचे दोन्हीकडचे अर्धा-अर्धा इंच गेले की २२ इंची शेगडी कुठेच मावत नाही. फळी २४ आणि १६॥ वर लावा. मोठ्या भागात वर शेगडीचा कप्पा, खाली परात, तवा, ताटं यांचा ड्रॉवर. छोट्या भागात एकच खोल ड्रॉवर: ५ लिटरचा कुकर, त्याच्या पोटात डाळ-तांदळाचे डबे.

चॅनल आत आणि बाहेर दोन्हीकडे लॉक होणारेच घ्या, १०० पौंडी. साधे चॅनल चढावर आपोआप उघडून दारावर आदळतात, आणि ओढल्यावर लॉक नसेल तर उतारावर लाटताना ड्रॉवर पोटात येतो.

धूळ हा या जागेचा शाप आहे. गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि कच्च्या रस्त्यावरची सगळी धूळ तिथेच घुटमळते. दाराला ईपीडीएम रबराची डी-आकाराची पट्टी चारही बाजूंनी आणि ती दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेशन लॅच दोन. वरची फळी चहूकडून अर्धा इंच बाहेर काढा आणि तिच्या खालून एक बारीक खाच मारा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकतं, आत वळत नाही.

बाल्टिक बर्चचा डिंक पाणी सोसतो, लाकूड सोसत नाही. पाणी शिरतं ते कडांतून. कापलेल्या प्रत्येक कडेला पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या, स्क्रूची भोकंही सोडू नका, मग बाहेरून रंग. हे टाळलंत तर तळाची कड एका हिवाळ्यात पुस्तकासारखी उलगडते.

मिसळणाच्या डब्याबद्दल एक. आतल्या वाट्या थरथरीने हळद-तिखटाची होळी करतात. वाट्यांवर बसणारी सिलिकॉनची चकती कापून टाका आणि झाकणाला रुंद रबर लावा. ड्रॉवरच्या तळाला जुनी योगा मॅट.

निळी_ज्योत

गॅसबद्दल.

२० पौंडी टाकी नकोच. एक पौंड प्रोपेनमध्ये साधारण २१,५०० बीटीयू (उष्णतेचं माप) असतात. १०,००० बीटीयूचे दोन बर्नर पूर्ण उघडे ठेवले तर एक पौंड तासभर चालतो. तीन दिवसांच्या पोळ्या-कुकरला ५ पौंडी टाकी पुरून उरते, भरलेली १२ पौंडांच्या आसपास भरते.

दुसरं कारण तुमचा रस्ता. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत (आय-९५ महामार्गावरचा फोर्ट मॅकहेन्री आणि आय-८९५ वरचा हार्बर) १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी न्यायला बंदी आहे. २० पौंडीवाले पूर्वी तिथल्याच 'फ्रान्सिस स्कॉट की' पुलावरून वळसा घ्यायचे. तो पूल २६ मार्च २०२४ ला पडला, त्यामुळे आता शहराभोवतीच्या आय-६९५ च्या पश्चिमेकडून लांबचा फेरा. ५ पौंडी टाकीला हा प्रश्नच येत नाही.

सर्वांत जास्त चुकते ती नळी. कॅंपिंगच्या शेगडीला रेग्युलेटर तिच्याच सोबत येतो, त्यामुळे टाकीपासून तिच्यापर्यंत उच्च दाबाची, रेग्युलेटर नसलेली नळी लागते: एका टोकाला टाकीवर बसणारं प्लॅस्टिकचं चाक, दुसऱ्या टोकाला कॅंपिंगच्या १ पौंडी गॅसच्या बाटलीसारखे आटे. लोक घरच्या बार्बेक्यूची रेग्युलेटरवाली नळी जोडतात. दोन रेग्युलेटर एकामागे एक आले की ज्योत मेणबत्तीएवढी होते आणि दोष शेगडीला जातो. उलट चूक जास्त धोक्याची: ज्या शेगडीला स्वतःचा रेग्युलेटर नाही तिला उच्च दाबाची नळी लावणं.

नळी बरोबर असूनही ज्योत लहान असेल तर टाकीचा कॉक झटक्यात उघडला असेल. आतला सुरक्षा झडप गळती समजून प्रवाह रोखतो. सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, शेगडीचे कॉक बंद ठेवून टाकीचा कॉक सावकाश उघडा.

टाकी पेटीच्या आत नको, बाहेर डाव्या अंगाला उभी, पत्र्याच्या कड्यात पट्ट्याने बांधून. गाडी चालू असताना कॉक बंद आणि नळी काढलेली. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर पेटीच्या तळाशी साचतो, म्हणून तळाला दोन्ही भागांत एक-एक इंचाची दोन भोकं ठेवा, आतून जाळी मारून. प्रत्येक मुक्कामी जोडांवर भांड्याच्या साबणाचं पाणी. बुडबुडा आला की आधी रबरी रिंग बघा, वाळलेली असते.

दोन्ही बर्नर झाकणारा मोठा सपाट तवा वापरू नका. उष्णता खाली परतते, नॉब आणि रेग्युलेटर तापतात. ११ इंची तवा एका बर्नरवर, कुकर दुसऱ्यावर, कुकरचा दांडा तिरका आपल्याकडे. सरळ ठेवलात तर वाऱ्याच्या पडद्याला अडतो.

गाडीचा एग्झॉस्ट पेटीच्या दिशेने येतो का तेही चालू इंजिनवर हात धरून बघा. येत असेल तर टोक खाली वळवा.

रानवाटा

बिजागरीवर माझं मत: करू नका. ट्रेलरच्या चाकाचं २००० पौंडी स्पिंडल (आस) आणि हब वापरून पक्की बिजागरी होते, त्यात टेपर बेअरिंग असल्याने पेटी लोंबत नाही. पण तिचं आणि आडव्या भुजेचं मिळून ३५-४० पौंड वाढतात, पेटी आणखी मागे सरकते, आणि पेटी बाजूला वळवली की तोच भार हिचला आडवा पिळतो. जागा जरा उतरती असेल तर पेटी स्वतःहून फिरते. शेगडीसकट.

त्यापेक्षा पेटीला चार पाय द्या. सांगाड्याच्या कोपऱ्यांत १॥ इंची नळीचे खोबणे, त्यात १। इंची नळीचे पाय, दर इंचाला पिनचं भोक, तळाला स्क्रू-जॅकचा पाय. मुक्कामी पाय टेकवा, जॅकने एवढंच उचला की रिसीव्हरमधली नळी मोकळी होईल, टायटनर काढा, पिन काढा आणि गाडी पुढे घ्या. पेटी जागेवरच उभी. दार उघडतं, शेगडी गाडीपासून लांब राहते, आणि दूध आणायला जायचं तर अख्खं स्वयंपाकघर ओढत न्यावं लागत नाही.

परत जोडणं हेच कटकटीचं. नळीचं टोक चारही बाजूंनी अर्धा इंच निमुळतं घासा आणि थोडं ग्रीस लावा. एकाने मागे उभं राहून सांगायचं, गाडी इंचाइंचाने मागे, कॅमेऱ्यावर विसंबू नका. शेवटचे दोन इंच जॅक फिरवून उंची जुळवायची. जमीन खूप तिरकी असेल तर पेटी सोडवूच नका. फोररनरची मागची काच खाली होते, तेवढ्यातून सामान काढा.

अस्वलं. शेनॅन्डोआत काळी अस्वलं आहेत. लाकडी पेटी म्हणजे त्यांच्या दृष्टीने डबा. रात्री खाण्याचं सगळं, कचरा, तेलाची बाटली, टूथपेस्टसुद्धा, बंद गाडीत किंवा कॅंपग्राउंडच्या लोखंडी लॉकरमध्ये. हिचवरची पेटी गाडीच्या आत धरली जात नाही. कॅलिफोर्नियात योसेमिटीला तर रात्री गाडीतही चालत नाही, लॉकरच. म्हणून किराणा पहिल्यापासून वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा, पेटीत फक्त भांडी. वजनही वाचतं. ड्रॉवर रात्री पुसून ठेवा, वासही पुरतो.

नंबरप्लेट आणि मागचे दिवे पेटीने झाकले जातील. प्लेट पेटीच्या मागे हलवा, तिला दिवा द्या, दोन्ही बाजूंना टेललाइट. ट्रेलरच्या दिव्यांच्या ४-पिन जोडणीत पांढरी वायर अर्थिंग, तपकिरी टेललाइट, पिवळी डावा इंडिकेटर-ब्रेक, हिरवी उजवा. पांढरी वायर रंग खरवडून उघड्या लोखंडावर कसा. दिवे वेड्यासारखे मिणमिणले की दहापैकी नऊ वेळा अर्थिंगच ढिलं असतं.

मुठा_काठ

इकडे पुण्यात हे वाचून कोणी गॅरेज गाठण्याआधी: भारतात असा चौकोनी रिसीव्हर कंपनीकडून सहसा येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. मागे लटकवण्यापेक्षा डिकीतली पेटी करा. १२ मिमी बीडब्ल्यूपी (पाणी सोसणारा) प्लाय (आयएस ७१० चा शिक्का बघून), ४५ किलोचे टेलिस्कोपिक चॅनल, पेटी मागच्या सीटच्या कड्यांना पट्ट्याने बांधलेली. शेगडी मात्र बाहेर काढूनच पेटवायची.

आपल्या एलपीजीत ब्युटेन बराच असतो, आणि ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं. स्पितीत पहाटे सिलिंडर भरलेलं असून चहा होत नाही तो यामुळे. सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवा. उकळतं पाणी किंवा ज्योत कधीच नाही.

धुरकट_कंदील

बरंच काम वाचलं. नवा हिशेब: पेटी ३३, ड्रॉवर-दार २०, लोखंड ४२, चॅनल ८, शेगडी १२, टाकी १२, भांडी ३५. एकूण १६२. पाणी आणि किराणा गाडीत, मागच्या सीटच्या लगत. बिजागरी रद्द. पायांचं लोखंड या ४२ मध्ये धरलेलं नाही.

एकच शंका: पाय प्रवासात कुठे? खाली लटकवले तर उतारावर घासतील.

तिरका_पाना

खोबण्यातून पूर्ण काढा, पेटीच्या मागच्या अंगाला दोन क्लिपा मारून आडवे ठेवा. चार पाय आणि जॅक मिळून १५-१८ पौंड धरा, तरी १८० च्या आत आहात. खोबण्याच्या तळाला पाव इंचाचं भोक ठेवा, नाहीतर पाणी साठून आतून गंजेल. आणि पायांवर खडूने खुणा करा, पुढचा-डावा, मागचा-उजवा. भोकं हाताने पाडलेली असली की ते एकमेकांत बदलून बसत नाहीत.